वर्गात झोपणारी मुलगी, टीटीची सुई आणि प्रतिकारशक्तीचा प्रश्न

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका कुटुंबाचं हे प्रकरण. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव दिलेलं नाही आणि घरातले काही तपशील बदलले आहेत. मुलीला नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अनावर झोप आणणारा मेंदूचा आजार आहे, हे निदान पुढे बेंगळुरूत झालं. त्याआधी आणि नंतर हे कुटुंब आमच्या दवाखान्यात येत राहिलं, म्हणून हा क्रम सलग मांडता येतो.

पार्श्वभूमी

घर शेतकऱ्याचं. तीन एकर भात, बांधावर काजू, थोडा ऊस. आई-वडील, आज्जी, पाचवीतली मुलगी आणि तिच्याहून दोन वर्षांनी लहान भाऊ. काका बेळगावात उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला. दवाखान्याच्या बाबतीत घरात शेवटचा शब्द त्याचाच.

मुलगी गावातल्या मराठी शाळेत. अभ्यासात बरी, खो-खोत चपळ. जुलैत शाळेत आरोग्य खात्याची माणसं आली आणि दहा वर्षांच्या मुलांना धनुर्वात-घटसर्पाची, म्हणजे टीडीची लस देऊन गेली. गावात तिला टीटीची सुईच म्हणतात. दंड दोन दिवस दुखला आणि विषय संपला. जानेवारीत घशाची आणि तापाची साथ आली, अर्धा वर्ग घरी होता. ही पण तापानं पडली, उठली, शाळेत गेली. शिमग्याच्या सुमारास झोप सुरू झाली.

अडचण

सुरुवातीला कुणी मनावर घेतलं नाही. वाढीचं वय, उन्हाचे दिवस, झोपणारच पोर. पण ती जेवताना घास हातात धरून झोपू लागली. वर्गात दुसऱ्या तासालाच मान पडायची. वीस मिनिटं झोपून उठली की तरतरीत आणि दोन तासांनी पुन्हा तेच. बाईंनी आधी रागावून पाहिलं, मग उभं केलं. उभ्या-उभ्याही ती डुलायची.

आईनं एकदा तिची इतिहासाची वही आणली. कित्तूरच्या धड्यावरचं उत्तर होतं. 'राणी चन्नम्मांनी इंग्रजांचा' इथपर्यंत अक्षर वळणदार. पुढच्या ओळीत ते मोठं आणि सैल होत जातं, मग मध्येच 'म्हैस सोडली पाणी' असे शब्द येतात आणि त्यानंतर पेनाची एक रेघ घसरत समासाच्या बाहेर जाते. चार ओळी सोडून उत्तर परत नीट सुरू. हे आपण लिहिलंय हेच तिला आठवत नव्हतं. झोप आणि जाग यांची सरमिसळ होते तेव्हा हात चालू राहतो, डोकं नसतं. हजार शब्दांच्या केस पेपरपेक्षा ते एक पान जास्त बोलकं होतं, आणि दुर्दैवानं ते पान मधल्या वर्षभरात कुणी मागितलंच नाही.

दुसरी गोष्ट घरच्यांना चाळे वाटत होती. धाकटा भाऊ एसटी कंडक्टरची नक्कल करायचा, 'खानापूर, नंदगड, मागं सरका मागं', आणि ही हसायला लागली की तिचा जबडा लोंबायचा, जीभ थोडी बाहेर यायची, गुडघे वाकायचे आणि ती खाली बसायची. दहा-पंधरा सेकंदांत ठीक. त्या वेळात तिला सगळं ऐकू येत असे, डोळे उघडे असत. भावाला लवकरच कळलं की ताईला विनोद करून पाडता येतं. तो खेळच झाला. काही आठवड्यांनी मात्र हसण्याचं कारणही लागेना. चेहराच सैल, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, बोलणं जड. शेजारच्या काकींनी 'पोरगी गांजल्यागत दिसतीया' म्हटलं ते याच दिवसांत.

रात्री उलटं. झोप तुटक. डोळा लागता-लागता दारात माणूस उभा दिसायचा, ओरडावंसं वाटायचं पण अंग हलायचं नाही. आज्जीनं देवळात कौल लावला, अंगारा आणला. त्याबद्दल मी फार बोलणार नाही. त्यात वेळ गेला तो दोन आठवड्यांचा, औषधांच्या चिठ्ठ्यांत गेला त्याच्या तुलनेत काहीच नाही.

निदानापर्यंतचा रस्ता

पहिल्यांदा रक्त तपासलं. हिमोग्लोबिन कमी होतं, लोहाच्या गोळ्या आणि जंताचं औषध दिलं. झोप तशीच. मग काकानं बेळगावात एका तज्ज्ञाकडे नेलं. पडण्याचं वर्णन ऐकून तिथे फिट्सचा संशय आला. ईईजीच्या, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींच्या तपासणीच्या, अहवालात एक-दोन ठिकाणी शंका नोंदलेली होती आणि फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट हे औषध सुरू झालं.

चित्र बिघडलं ते इथे. व्हॅल्प्रोएटनं भूक वाढते, वजन वाढतं, सुस्ती येते. नार्कोलेप्सीत मुलांचं वजन आपसूकही झपाट्यानं वाढतं. दोन्ही एकत्र आल्यामुळे वर्षभरात ३१ किलोची मुलगी ४३ किलोवर गेली, आणि झोप वाढली तर औषधामुळे वाढली असं प्रत्येकाला वाटत राहिलं. पडणं थांबलं नाही म्हणून डोस वाढवला. डोस वाढला म्हणून ती आणखी सुस्त झाली.

वळण आलं मोबाईलमुळे. काकाच्या मुलानं गंमत म्हणून तिचा हसून खाली बसण्याचा व्हिडिओ काढला होता. आई औषधाची चिठ्ठी दाखवायला आमच्याकडे आली तेव्हा तो निघाला. फिट आली की माणसाला सहसा भान राहत नाही. ही मुलगी व्हिडिओत खाली बसल्यावर भावाकडे बघून हसायचा प्रयत्न करत होती. जबडा लोंबलेला, आणि डोळ्यांत पूर्ण ओळख. हसण्यासारख्या भावनेनं स्नायूंचा ताण अचानक जाणं आणि भान शाबूत असणं याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. मुलांत ती चेहऱ्यावर, जिभेवर जास्त दिसते. सोबत दिवसा अनावर झोप असेल तर नार्कोलेप्सीचा पहिला प्रकार मनात यायलाच हवा.

तिथून बेंगळुरूच्या निम्हान्सला, म्हणजे मेंदू आणि मनाच्या आजारांच्या सरकारी संस्थेत पाठवायचं ठरलं. व्हॅल्प्रोएट तज्ज्ञांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करत बंद केलं. दोन आठवडे झोपेची डायरी आईनं लिहिली. मग रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस. रात्रभराच्या झोपेची नोंद झाल्यावर दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी पाच वेळा तिला झोपायची संधी दिली. सरासरी झोप लागण्याचा वेळ आठ मिनिटांच्या आत आणि किमान दोन डुलक्यांत लगेच स्वप्नाची, म्हणजे आरईएम झोप आली, तर ते नार्कोलेप्सीकडे बोट दाखवतं. हिची सरासरी तीन मिनिटांच्या आत होती आणि पाचपैकी चार डुलक्यांत आरईएम. पाठीतून पाणी काढून हायपोक्रेटिन हे जाग टिकवणारं मेंदूतलं रसायन मोजण्याचा विचार झाला, पण कॅटाप्लेक्सी इतकी स्पष्ट होती की त्यानं निर्णय बदलला नसता. ते टाळलं. पहिल्या झोपेपासून निदानापर्यंत चौदा महिने गेले. जगभरात या निदानाला अनेक वर्षं लागतात, त्या मानानं हे लवकरच म्हणायचं.

प्रतिकारशक्तीवर संशय का

निदानाचं नाव कळल्यावर काकानं फोनवर शोधलं आणि त्याच रात्री घरात वादळ उठलं. लसीनं नार्कोलेप्सी होते, असं त्याला सापडलं होतं. दुसऱ्या दिवशी वडील आले ते ठरवूनच. "डॉक्टर, त्या टीटीच्या सुईनंच झालंय बघा हे. धाकट्याला आता एकही सुई द्यायची नाही."

काकाला जे सापडलं ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. म्हणून उत्तरही 'असं काही नसतं' एवढ्यावर भागणारं नव्हतं. त्या दिवशी आणि नंतरच्या भेटींत जे सांगितलं ते असं.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. तिथल्या काही मोजक्या पेशी हायपोक्रेटिन नावाचं रसायन बनवतात, त्यालाच ओरेक्सिनही म्हणतात. त्यांची संख्या सगळ्या मिळून सुमारे ७०,०००. जाग टिकवून धरणं आणि स्वप्नाची झोप तिच्या जागी ठेवणं हे त्यांचं काम. हे रसायन १९९८ साली दोन गटांनी स्वतंत्रपणे शोधलं. २००० साली नार्कोलेप्सीच्या मृत रुग्णांचे मेंदू तपासले तेव्हा याच पेशी ८५ ते ९५ टक्के नाहीशा झालेल्या आढळल्या. शेजारच्या पेशी मात्र जागेवर. बागेतली बाकी झाडं हिरवी आणि नेमकी एकाच जातीची सुकलेली असावीत, तसं. एवढा नेम धरून मारणारं शरीरात कोण असतं, हा प्रश्न तिथून प्रतिकारशक्तीकडे जातो.

संशय त्याआधीचा आहे. १९८० च्या दशकात जपानी संशोधकांना दिसलं होतं की या रुग्णांत प्रतिकारशक्तीच्या ओळखखुणांचा, एचएलएचा, एकच विशिष्ट प्रकार फार वेळा आढळतो. पुढे तो डीक्यूबी१ ०६:०२ असा नक्की झाला. कॅटाप्लेक्सी असलेल्या दहातल्या नऊपेक्षा जास्त रुग्णांत तो असतो. २००९ मध्ये टी पेशींच्या, म्हणजे परकं ओळखून हल्ला करणाऱ्या पेशींच्या, ग्राहीच्या जनुकाशीही संबंध दिसला. म्हणजे प्रथिनाचा कोणता तुकडा दाखवायचा (हे एचएलएचं काम) आणि तो कोण ओळखणार (हे टी पेशींचं), या दोन्ही टोकांना धागा सापडला.

मग आला स्वाइन फ्लू. २००९-१० च्या साथीत फिनलंड आणि स्वीडनमध्ये मुलांना पँडेमरिक्स नावाची लस दिली गेली, तिच्यात एएस०३ हे प्रतिसाद वाढवणारं द्रव्य होतं. २०१० च्या उन्हाळ्यात तिथल्या डॉक्टरांना एकामागून एक झोपाळू मुलं दिसू लागली. फिनलंडमध्ये लस घेतलेल्या मुलांत धोका न घेतलेल्यांच्या सुमारे तेरा पट निघाला. प्रत्यक्षात अंदाजे १६,००० मुलांमागे एक. हा संबंध खरा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. पण त्याच सुमारास बीजिंगमध्येही नव्या रुग्णांची संख्या तिपटीनं वाढली आणि तिथल्या बहुतेकांनी लस घेतलेलीच नव्हती. तिथे फ्लूची साथ येऊन गेली होती. लाट आली साथीनंतर सुमारे सहा महिन्यांनी, मग ओसरली. घशाच्या स्ट्रेप्टोकोकस संसर्गाच्या खुणाही नव्या रुग्णांत जास्त सापडल्या आहेत.

जुळणी अजून पूर्ण नाही. फ्लूचा एक तुकडा हायपोक्रेटिनसारखा दिसतो म्हणून टी पेशी फसतात, असं सांगणारा २०१३ चा एक गाजलेला शोधनिबंध पुढच्याच वर्षी मागे घेण्यात आला, कारण तोच प्रयोग पुन्हा करता तसा निकाल येईना. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या गटानं रुग्णांच्या रक्तात हायपोक्रेटिनवर चालून जाणाऱ्या टी पेशी दाखवल्या, पण त्या पेशी फ्लूच्या विषाणूला ओळखत नव्हत्या. माझं मत विचाराल तर हल्ला प्रतिकारशक्तीचाच आहे यावर पैज लावायला हरकत नाही. पहिली ठिणगी कोणती, हे एकेका मुलाच्या बाबतीत छातीठोक सांगणाऱ्यापासून सावध राहावं.

समोर आलेले पर्याय

हे समजल्यावर घरात तीन गोष्टी एकदम टेबलावर आल्या.

पहिली आयव्हीआयजीची, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं शिरेतून देण्याची. हल्ला प्रतिकारशक्तीचा आहे ना, मग तिलाच आवरू, हे तर्काला धरून होतं. काकाच्या ओळखीतून एका मोठ्या शहरातल्या खासगी रुग्णालयानं तसा सल्लाही दिला. दर महिन्याला एक, अशा तीन फेऱ्या. हिशेब आम्ही वडिलांसोबत कागदावर केला. किलोला २ ग्रॅम म्हणजे ४३ किलोला ८६ ग्रॅम, ५ ग्रॅमच्या बाटल्या धरल्या तर एका फेरीला सतरा-अठरा. तीन फेऱ्यांचा खर्च सेकंडहँड ट्रॅक्टरच्या किमतीला लागत होता. उसाचं बिल आणि वर सोसायटीचं कर्ज, अशी तयारी वडिलांनी मनात केलीही होती.

दुसरी, काकानं परस्पर करून घेतलेली एचएलए चाचणी. मुलीची पॉझिटिव्ह आली, तेव्हा धाकट्याचीही करू असा आग्रह.

तिसरी, धाकट्याची टीडी. तो दहाव्या वर्षात आला होता.

निर्णय

आयव्हीआयजीबाबत प्रश्न एकच होता, वाचवायला काय शिल्लक आहे? लक्षणं दिसतात तोवर बहुतेक पेशी गेलेल्या असतात. आगीचा बंब बोलवावा, पण घर जळून वर्ष झाल्यावर नाही. अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत दिल्यावर बरं वाटल्याची काही मोजकी उदाहरणं आहेत, तीही तुलनेचा गट नसलेली. फ्रान्समधल्या मुलांचा २०१७ साली प्रसिद्ध झालेला तुलनात्मक अभ्यास एकूण गटात ठळक फायदा दाखवू शकला नाही. निम्हान्सच्या डॉक्टरांचं मतही नकोच असं पडलं. वडील गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हणजे कारण कळलं, पण त्याचा उपयोग नाही?" उपयोग होता, पण औषधात नव्हे. पैसे कुठे घालायचे नाहीत हे त्यातूनच कळलं.

धाकट्याची एचएलए चाचणी केली नाही. ही खूण निरोगी लोकांतही भरपूर असते, वेगवेगळ्या समाजांत १२ ते ३८ टक्के. पॉझिटिव्ह आली असती तर घरानं दहा वर्षं त्या पोराच्या प्रत्येक जांभईकडे बघत काढली असती. सख्ख्या भावंडाला हा आजार होण्याची शक्यता शंभरात एक-दोन. एकसारख्या जुळ्यांतही बहुतेक जोड्यांत दुसऱ्याला तो होत नाही.

टीडीचा निर्णय सगळ्यांत अवघड गेला, कारण तो पुराव्यापेक्षा विश्वासाचा होता. टीडीमध्ये फ्लूचा अंश नसतो, एएस०३ नसतं. पँडेमरिक्स आता वापरातच नाही. आणि ज्या घरात रोज विळा, कोयता आणि शेणाचा गोठा आहे तिथे धनुर्वात ही काल्पनिक भीती नाही. आज्जीचा दीर धनुर्वातानं गेला होता, हे बोलण्याच्या ओघात तिनंच सांगितलं. मला वाटतं धाकट्याला सुई मिळाली ती त्या आठवणीमुळे, माझ्या फिनलंडमुळे नाही.

पण आधी एक काम केलं. वडिलांच्या संशयाची लसीनंतरच्या दुष्परिणामांच्या नमुन्यात नोंद करून ती प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत पुढे पाठवली. लस आणि आजार यांत आठ महिन्यांचं अंतर, मध्ये घशाची साथ, संबंधाची शक्यता अगदी कमी. तरी नोंद केली. फिनलंडमधली गोष्ट उजेडात आली ती डॉक्टरांनी असे संशय वरपर्यंत कळवले म्हणून. आपला संशय कागदावर उतरला, कुणी हसून उडवला नाही, हे पाहिल्यावर वडिलांचा सूर बदलला. सुई त्यानंतरच्या महिन्यात झाली.

उपचार लक्षणांवरच. सकाळी जाग टिकवायला मोडॅफिनिल, कॅटाप्लेक्सीसाठी व्हेन्लाफॅक्सिनचा लहान डोस, दोन्ही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. अंगावर पुरळ उठली तर मोडॅफिनिल थांबवून त्याच दिवशी यायचं, असं बजावलं. शाळेत मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत वीस मिनिटांची झोप. हेडसरांना पटायला वेळ लागला. वहीचं ते पान दाखवल्यावर लागला नाही. चुलीजवळ, विहिरीवर आणि मलप्रभेवर एकटीनं जायचं नाही.

परिणाम

झोप गेली नाही, आटोक्यात आली. वर्गातले पहिले चार तास ती जागी असते. दुपारची डुलकी चुकली तर संध्याकाळ वाया जाते. हसून खाली बसणं महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळेवर आलं. वजन थांबलं, थोडं उतरलं. भाऊ आता नक्कल करण्याआधी 'ताई, बस आधी' म्हणतो.

एकदा गाडी घसरली. गणपतीच्या आठवड्यात पावसानं रस्ता तुटला आणि व्हेन्लाफॅक्सिन संपलं. हे औषध एकदम थांबलं की कॅटाप्लेक्सी उसळून येते. दोन दिवस ती जवळपास सलग लोळागोळा होती, पाणीसुद्धा चमच्यानं. घरच्यांनी तेव्हा झटक्याचं औषध शोधलं नाही, फोन केला, हे महत्त्वाचं. आता पावसाळ्याआधी दोन महिन्यांच्या गोळ्या घरात भरतात, भाताच्या बियाण्यासारख्या.

वेगळं काय करता आलं असतं

व्हिडिओ पहिल्या महिन्यात मागायला हवा होता. पडणाऱ्या मुलाच्या बाबतीत ईईजीच्या आधी मोबाईल बघावा, असं आता मी प्रत्येकाला सांगतो. शंकास्पद ईईजी आणि भान न हरपणारं पडणं यांचा मेळ बसत नसेल, तर गोळी सुरू करण्याआधी थांबणं परवडतं.

शाळेकडून एक चिठ्ठी आली असती तरी पुरलं असतं. बाईंना झोप दिसत होती, अक्षर बिघडलेलं दिसत होतं, हसून पडणंही दिसलं होतं. आळशीपणा या एका खात्यात तिन्ही जमा झाली.

आणि निदान सांगताना प्रतिकारशक्तीचा आणि लसीचा विषय आमच्या बाजूनं आधी निघायला हवा. हे नाव कानावर पडल्यापासून फोनवर पँडेमरिक्स सापडायला पाच मिनिटं लागतात. वडील ठरवून आले त्याआधी ही माहिती त्यांना माणसाकडून मिळाली असती, तर आयव्हीआयजीच्या कर्जापर्यंत गोष्ट गेलीच नसती.

मुलगी आता सातवीत आहे. आठवीला हायस्कूल खानापुरात, म्हणजे सकाळची बस आणि नवे शिक्षक. एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या परीक्षेला, जादा वेळ मिळावा यासाठी कागद आतापासून जमवतोय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत नार्कोलेप्सीचं नाव वेगळं दिलेलं नाही, मज्जासंस्थेच्या दीर्घकालीन आजारांचा गट मात्र आहे, त्यातून अर्ज करायचा विचार आहे. हायपोक्रेटिनचं काम करणाऱ्या नव्या गोळ्यांच्या चाचण्या परदेशात प्रौढ रुग्णांवर झाल्या आहेत आणि निकाल उत्साह वाढवणारे आहेत. काकाला ते माझ्याआधी कळलं होतं. यावेळी त्यानं आधी फोन करून विचारलं.